अठरा डब्यांची खंडेनवमी

भरतेश मगदूमची अठरावी डबी गप्प झाली तेव्हा सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि मला एकदम चहा प्यावासा वाटला.

हिंगणवाडीच्या पाणीपुरवठा संस्थेच्या ऑफिसात मी एकटीच होते. खंडेनवमीची सुट्टी, म्हणून ऑफिसची किल्ली माझ्याकडे देऊन सेक्रेटरी घरी गेले होते. समोर लॅपटॉप होता आणि त्यावर वारणाकाठच्या उसाच्या दोन शेतांचा नकाशा. डावीकडचं शेत माझं, उजवीकडचं भरतेशचं. म्हणजे मालक वेगळेच. आमच्या होत्या त्या फक्त बांबूंना बांधलेल्या डब्या, प्रत्येकी अठरा. डबी जिवंत असेल तर नकाशावर हिरवा ठिपका, नसेल तर राखाडी. साडेआठपासून उजवीकडचे ठिपके एकेक करून राखाडी होत गेले आणि नऊ-दहाला सगळं शेत विझलं. डावीकडे माझे पंधरा हिरवे होते. तीन डब्या आठवड्यापूर्वीच गेल्या होत्या.

मी थर्मासमधला चहा ओतून घेतला आणि चवीचवीने प्यायले. उगाच सोज्वळपणाचा आव आणत नाही. मला आनंद झाला होता.

या डब्यांचं काम साधं होतं. मातीतली ओल मोजायची आणि दर दहा मिनिटांनी मोटारखोलीवरच्या मोठ्या पेटीला कळवायची. पेटी ते फोनवरून आमच्या कॉलेजात पाठवी. मग कुठल्या शेताला पाणी लागणार, कुठल्या नाही, ते संस्थेला बसल्या जागी समजे. अडचण एकच, बॅटरी. लांबच्या डबीने थेट पेटीला ओरडून सांगायचं म्हटलं तर तिची बॅटरी महिन्यात संपते. म्हणून ती शेजारणीच्या कानात सांगते, शेजारीण पुढचीच्या, असं करत निरोप पोचतो. आता कुणी कुणाच्या कानात सांगायचं, म्हणजे सगळ्यांच्या बॅटऱ्या जास्तीत जास्त दिवस पुरतील, एवढाच प्रश्न. त्यावर मी चार वर्षं घालवली होती.

माझी पद्धत अशी, की प्रत्येक निरोपासाठी सगळ्यांत कमी खर्चाची वाट शोधायची आणि त्याच वाटेने पाठवायचं. कागदावर ती देखणी होती. हर्डीकर सर, म्हणजे आमचे मार्गदर्शक, तीन वर्षं पाहुण्यांना माझीच आकडेमोड दाखवत आणि ‘ही आमची तनुजा इनामदार’ अशी माझी ओळख करून देत.

मग भरतेश आला. शिरोळकडचा, आधी डिप्लोमा, मग डिग्री, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. पहिल्याच सेमिनारला उभा राहून म्हणाला, “सर, स्वस्तातली वाट रोज तीच निघते. मग त्या वाटेवरच्या डब्या मरतात आणि बाकीच्या धडधाकट असून मुक्या होतात. आमच्याकडं पाण्याची पाळी असते, तशी यांची पाळी लावूया. जिची बॅटरी जास्त शिल्लक, तिनं आज निरोप वाहायचे. बाकीच्यांनी झोपायचं. उद्या दुसरीची पाळी.”

पाळी म्हटल्यावर मागच्या बाकावरच्या मुली फिदीफिदी हसल्या. हसायला सुरुवात मी केली होती. भरतेशचे कान लाल झाले. सर मात्र हसले नाहीत. ते उठले आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘पाळी’ असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. तोवरच्या तीन वर्षांत त्यांनी माझा एकही शब्द फळ्यावर लिहिला नव्हता. त्या दिवसापासून त्या मुलाचं बोलणं, हसणं, डब्यातली भाकरी, काही म्हणजे काही मला सोसेना.

सरांनीच शर्यत लावली. दोन शेतं, सारख्या डब्या, एकाच दिवशी नव्या बॅटऱ्या. ज्याच्या डब्यांचं जाळं जास्त दिवस जगेल त्याची पद्धत वारणेच्या दोन्ही काठांवर चारशे डब्यांना लावायची, आणि त्या कामावर संशोधक म्हणून तीन वर्षांची नेमणूकही त्यालाच. जागा एक. माझी शिष्यवृत्ती डिसेंबरात संपणार होती, आणि त्यापुढचं काहीच ठरलेलं नव्हतं. जाळं मेलं कधी म्हणायचं, हा नियम लिहायला सरांनी मला सांगितलं. मी लिहिलं: निम्म्याहून जास्त डब्यांचा एकही निरोप सलग चोवीस तास आला नाही, की ते जाळं मेलं. तिघांनी खाली सह्या केल्या.

दोन महिन्यांत माझ्या तीन डब्या गेल्या, तिन्ही मोटारखोलीच्या जवळच्या, सगळ्या शेताचे निरोप वाहणाऱ्या. भरतेशची एकही नाही. आणि आता या सकाळी त्याच्या अठराच्या अठरा एकदम गेल्या होत्या. झोपायचा कार्यक्रम चुकला असणार, असं मी मनाशी म्हटलं. सगळ्याच झोपल्या, पाळी कुणाचीच नाही. चहा संपवून मी त्याच्या शेताकडे निघाले. खरं तर जायची गरज नव्हती. पण हरलेल्या शेताचं तोंड बघायची इच्छा आवरेना.

ऊस डोक्याच्या वर गेला होता. पानं अंगाला कापत होती. पहिल्या बांबूपाशी पोचले तर वर डबी नाही. दुसऱ्याला नाही, तिसऱ्यालाही नाही. चोरी झाली, असं वाटून तशीच धावत मोटारखोली गाठली.

दारात धोंडीराम चौगले बसले होते. हे संस्थेचे पाटकरी. कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं ते सगळं त्यांच्या हातात. साठी उलटलेली, अंगात नवी बंडी. सगळा गाव त्यांना मामा म्हणे. भरतेशला ते अरेतुरे करत, मला म्याडम म्हणत. मला म्याडम म्हणवून घ्यायचंच होतं, तरीही ते मला लागायचं.

“या म्याडम, येळेवर आला,” ते म्हणाले. “आत्ताच नारळ वाढीवला.”

आत मोटार धुऊनपुसून ठेवली होती. तिच्यापुढे पोतं अंथरलेलं, त्यावर खोरं, विळा, पान्हे, आणि पुढे तीन ओळींत भरतेशच्या अठरा डब्या. प्रत्येकीवर हळदकुंकवाची बोटं, प्रत्येकीवर झेंडूचं एकेक फूल.

“मामा, हे काय?”

“खंडेनवमी न्हवं का. हत्यारं पुजली. आज हत्याराला हात लावायचा न्हाई.” मग जरा लाजून म्हणाले, “दोन म्हैनं झालं, रातध्याड राबत्यात बिचाऱ्या. भरतेश म्हनतोय, मामा, दमलेलीला झोपवायचं आनि ताजीनं काम करायचं. म्हटलं, सणाला समद्यास्नीच झोपवूया. बटनं बंद केली. त्यानंच दावलं व्हतं, कुठं असतंय बटन ते.”

“आणि माझ्या?”

“तुमच्यावर पाटी हाय न्हवं, ‘हात लावू नये’ म्हनून. तुमच्या न्हाई आनल्या.” त्यांचा चेहरा पडला. “तुमी म्हनत असला तर आत्ता आनतो. वाईट वाटून घेऊ नगासा.”

“नको, नको,” मी म्हटलं. “राहू द्या.”

मी उभ्या उभ्या हिशेब केला. नऊ-दहाला शेवटचा निरोप आला होता. उद्या सकाळी नऊ-दहापर्यंत यांतल्या नऊ जणींची बटनं एकदा, फक्त एकदा, दहा मिनिटांसाठी दाबली, की भरतेशचं जाळं जिवंत.

“परत कधी लावणार मामा?”

“उद्याच्याला सोनं लुटून आलं, की सांजच्याला. जिथली तिथं. बांबूवर नंबर हायत.” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. “का वो म्याडम, काय बिघडत न्हाई न्हवं?”

त्यांनी सरळ विचारलं होतं. मी एक शब्द बोलले असते तर त्या माणसाने पोतं तिथेच टाकून, चप्पल न घालता, अठराही डब्या बांबूंवर परत लावल्या असत्या. ते मला ठाऊक होतं. तरी मी सरळच उत्तर दिलं.

“नाही मामा. काही बिघडत नाही.”

“मग तुमीबी वाहा की हळदकुंकू. बाईमाणसाच्या हातचं बरं असतंय.”

मी चपला काढल्या, आत गेले, आणि भरतेशच्या डब्यांना हळदकुंकू वाहिलं. एकीलाही वगळलं नाही. मामांनी हातावर खोबरं-साखर ठेवली, ती मी खाल्ली आणि दुपारच्या एसटीने कोल्हापूरला घरी आले.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी मी दाराला तोरण बांधत होते. आई म्हणाली, “अगं, सारखं घड्याळात काय बघतेस? मुहूर्त बिहूर्त काढलायस का?” मी तोरणाची गाठ आवळली. मामांचा नंबर फोनमध्ये होता. भरतेशचाही होता. तो सणासाठी बहिणीकडे गेला होता आणि लॅपटॉप मुद्दामच नेला नव्हता. “मामा आहेत तिथं, ताई, काय काळजी,” असं मला म्हणून गेला होता. नऊ वाजले, नऊ-पाच झाले. नऊ-दहाला तोरण सरळ झालं का म्हणून मी दोन पावलं मागे सरून बघितलं. ते तिरकं झालं होतं. मी सोडून परत बांधलं.

सोमवारी सरांच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. सरांपुढे नोंदींचा कागद होता. नवमीला नऊ-दहापासून दसऱ्याला संध्याकाळी सहापर्यंत, जवळजवळ तेहतीस तास, भरतेशची पाटी कोरी.

“सहानंतर सगळ्या परत आल्या म्हणतोस,” सर त्याला म्हणाले. “आल्या, ते खरंच आहे. पण नियम आहे. कुणी लिहिला होता?”

“मी, सर,” मी म्हटलं.

“मग कारण तरी काय? एकदम अठरा?”

मी तयारी करून गेले होते. झोपायच्या वेळा एकमेकींशी जुळल्या की सगळ्याच झोपतात आणि उठवायला कुणी उरत नाही, हे मी कागदावर आकृती काढून सरांना समजावलं. आकृती चांगली निघाली. असं होऊ शकतंही, त्यात खोटं काही नव्हतं.

भरतेश खाली मान घालून ऐकत होता. मी थांबल्यावर त्याने वर बघितलं.

“ताई, नवमीला तुम्ही गावातच होता. माझ्या शेतावर गेला होता का?”

“गेले होते.”

“डब्या?”

“जागेवर होत्या.”

तो माझ्याकडे बघत राहिला. फार वेळ नाही, पंखा दोन-चारदा फिरेल इतकाच. मग सरांकडे वळून म्हणाला, “मग चूक माझ्याच प्रोग्राममध्ये असणार, सर.”

एवढा हुशार मुलगा इतका भोळा कसा, असं मला वाटलं. त्याच्या हुशारीचा हेवा करत मी उगीचच एक वर्ष जाळलं, असंही वाटलं. सरांनी त्याच संध्याकाळी माझ्या नावाची शिफारस लिहिली. भरतेशने महिनाअखेरीला खोलीतलं सामान आवरलं आणि इचलकरंजीला एका पंपांच्या कारखान्यात नोकरी धरली. जाताना सगळ्या मुलींना पेढे दिले, मलाही दिला.

माझं जाळं दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मेलं. ज्या डब्या मोटारखोलीजवळ होत्या त्या संपल्या आणि बाकीच्या भरल्या बॅटरीने मुक्या झाल्या. अगदी सेमिनारला सांगितलं होतं तसं. पण नियमाने मी तोवर कधीच जिंकले होते.

दिवाळीनंतर डब्या काढून आणायला गावात गेले. माझ्या काढून झाल्या. भरतेशच्या काढाव्यात म्हणून गेले तर त्या चालू होत्या, अठराच्या अठरा. मामा मदतीला आले होते. एकेक डबी हातात घेऊन धोतराच्या सोग्याने पुसत होते.

“भरतेश आला न्हाई?” त्यांनी विचारलं.

“त्याला नोकरी लागली मामा. इचलकरंजीला.”

“ते सांगितलं की त्यानं फोनवर. दर आठवड्याला करतोय. दसऱ्याच्या सांजेलाबी केला व्हता, सोन्याचा. मीच म्हटलं त्याला, पोरा, तुझ्या समद्या डब्या पुजल्या, येक दिस झोपीवल्या, आनि म्याडमनी सोत्ता हळदकुंकू वाहिलं. लई खूश झाला बगा.”

माझ्या हातात बारा नंबरची डबी होती. ती मी पोत्यात ठेवली आणि शेजारी बांधावर बसले.

“काय म्हणाला तो?”

“म्हनला, मामा, लई ब्येस केलं. पुढच्या वरसालाबी करा.”

दसऱ्याच्या संध्याकाळी. म्हणजे सोमवारी सरांपुढे बसला तेव्हा त्याला सगळं ठाऊक होतं. डब्या कुठे होत्या, बटनं कुणी बंद केली, कुंकू कुणी वाहिलं. तरी त्याने मला विचारलं होतं. दोनदा.

एसटीच्या थांब्यावर येऊन मी त्याला फोन लावला. मागे यंत्रांचा आवाज होता. तो बाहेर आला.

“मामांनी सांगितलं होय?” माझा आवाज ऐकताच तो म्हणाला.

“तू बोलला का नाहीस?”

“तुम्हाला विचारलं की मी. तुम्ही ‘जागेवर होत्या’ म्हणाला. मग राहिले मामा. त्यांना सरांपुढं उभं करून काय विचारायचं होतं? ‘मामा, तुम्ही पूजा केली म्हणून माझं काम गेलं’, असं?”

“पण त्यांचा काय दोष?”

“दोष नाही, ते मला माहीत, तुम्हाला माहीत. त्यांना कोण पटवणार? पुढच्या नवमीला त्यांचा हात मोटारीवर कुंकू लावताना थरथरला असता. चाळीस वर्षं पुजतायत, ताई.”

मी म्हटलं, “उद्या सरांना सगळं सांगते. शिफारस मागे घ्यायला लावते.”

“अजिबात नको.” त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. “सर संस्थेला फोन करणार, संस्था मामांना बोलावणार. तुमचं मन हलकं व्हावं म्हणून म्हाताऱ्याच्या डोक्यावर ओझं देऊ नका. मामा आहेत तोवर तुम्ही तोंड उघडायचं नाही.”

“भरतेश, माझ्यासाठी तू एवढं...”

“तुमच्यासाठी नव्हे,” तो म्हणाला. “तसं मनात आणू नका.”

फोन बंद झाला. एसटी आली आणि गेली, मी बसूनच राहिले. वाईट वाटलं, लाजही वाटली, पण त्याच्याही आधी जे वाटलं ते सांगते. मला त्याचा पुन्हा हेवा वाटला. माझा राग करण्याइतकीही मी त्याच्या लेखी कुणी नव्हते, आणि त्या पाटकऱ्यासाठी त्याने तीन वर्षांची नेमणूक सोडून दिली होती. माझ्यासाठी असं कुणी काही केलं नव्हतं, आणि करावं असं मी कधी वागलेही नव्हते.

पुढे चारशे डब्या लावल्या. माझ्या पद्धतीने त्या दर दोन-अडीच महिन्यांनी मरायच्या आणि मी पिशवीभर बॅटऱ्या घेऊन दोन्ही काठ तुडवायची. दुसऱ्या वर्षी मी गुपचूप त्याची पद्धत घातली. डब्या सात महिने चालल्या. सर म्हणाले, “शेवटी जमलं तुला.” त्यावरचा शोधनिबंध छापून आला तेव्हा त्यात भरतेशचं नाव दुसरं होतं. पहिलं घालायला हात धजला नाही, हेही इथे लिहून ठेवते. सरांना सांगावं असं पुष्कळदा वाटलं. दर वेळी मामा आडवे आले, आणि खोटं कशाला बोलू, काही वेळा मामा आडवे आहेत याचं बरंही वाटलं. सर दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या लेखी मी शेवटपर्यंत त्यांची हुशार विद्यार्थिनीच राहिले.

गेल्या पौषात मामा गेले. वय झालं होतं. दहाव्याला मी हिंगणवाडीला गेले होते. भरतेश नदीवर पुढे उभा होता, मामांच्या मुलांच्या रांगेत, डोकं त्यांच्यासारखंच भादरून. केस गेल्यामुळे आधी ओळखलाच नाही. परत निघताना मी त्याला गाठलं.

“आता सांगू का?” मी विचारलं. “लिहीन म्हणते.”

त्याने ओलं डोकं हाताने पुसलं.

“लिहा,” म्हणाला. “पण मामांचं नाव घालू नका. गावाचंही नको. नातवंडं वाचतील.”

“आणि तुझं?”

“माझं काय, ताई,” तो म्हणाला, आणि चप्पल शोधायला वळला.

म्हणून गावाचं नाव मी बदललं आहे, आणि धोंडीराम चौगले हे मामांचं खरं नाव नव्हे. भरतेश मगदूम हे मात्र खरं आहे.